स्टेअरिंग ढिलं, दोष चासीत: साताऱ्यातल्या एका जुन्या जीपचं प्रकरण

## पार्श्वभूमी

माझ्या गॅरेजात दुरुस्तीला आलेली ही जीप १९८८ ची. मालक जावळी तालुक्यातले, कासच्या पठारापलीकडच्या एका वाडीतले. सत्तरी गाठलेली. वाडीत सगळे त्यांना आबा म्हणतात, मीही आबाच म्हणतो. त्यांचं आणि वाडीचं नाव इथे देत नाही. बाकी जे घडलं ते तसंच मांडतो.

आबांच्या दारात येण्यापूर्वी ही गाडी वडापला, सीटमागे भाडं घेऊन माणसं नेण्याच्या धंद्याला, होती. म्हणजे आठ जणांच्या जागेत चौदा माणसं आणि टपावर बोचकी, अशी तिची निम्मी हयात गेली. आता ती घरची आहे. सकाळी दुधाचे ४० लिटरचे सात-आठ कॅन, सुगीत भाताची पोती, बाजाराच्या दिवशी घरची आणि शेजारची माणसं. चालवतो त्यांचा पुतण्या. रस्ता कासच्या पठारावरून यवतेश्वरचा घाट उतरून साताऱ्यात. शहरापासून कास साधारण २५ किलोमीटर, आणि त्यातला शहराजवळचा टप्पा सगळा उताराचा आणि वळणांचा.

पठार जांभ्याचं आहे. पावसाळ्यात तिथला तांबडा चिखल चासीच्या, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याच्या, चॅनलमध्ये जाऊन बसतो, वाळतो, पुढच्या पावसात पुन्हा भिजतो. ही गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो, कारण सगळं निदान त्या चिखलापाशीच अडलं होतं.

या बांधणीच्या जुन्या जिपांचं स्टेअरिंग कसं चालतं हेही आधी सांगायला हवं. स्टेअरिंगचा गिअर बॉक्स उजव्या गर्डरवर, म्हणजे चासीच्या उजव्या लांब तुळईवर, असतो. त्याचा ड्रॉप आर्म पुढे-मागे हलतो, ड्रॅग लिंक ती हालचाल पुढे नेते, आणि पुढच्या क्रॉस मेंबरवर, म्हणजे दोन गर्डर जोडणाऱ्या आडव्या तुळईवर, खुंट्याभोवती फिरणारी बेल क्रँक तिला आडवी वळवते. तिथून दोन टाय रॉड दोन चाकांकडे जातात. तुम्ही स्टेअरिंग फिरवता तेव्हा बेल क्रँक आपला सगळा जोर खुंट्यावर टाकते, खुंटा क्रॉस मेंबरवर, आणि क्रॉस मेंबर ज्या रिव्हेटांनी गर्डरला धरलेला आहे त्या रिव्हेटांवर. दर वळणाला हा जोर एकदा इकडून आणि एकदा तिकडून येतो. त्यामुळे तो क्रॉस मेंबर नावाने चासीचा असला तरी कामाने स्टेअरिंगचा भाग आहे. हे मला पुस्तकातून माहीत होतं. हाताला कळायला ही गाडी यावी लागली.

## तक्रार

गणपती होऊन गेल्यावर, २०२३ च्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला आबा आणि पुतण्या दोघं आले. आबा म्हणाले, "मेस्त्री, चाक एकीकडं अन् गाडी दुसरीकडं जातीया."

पुतण्याने नीट सांगितलं. पठारावरच्या सरळ रस्त्यावर सारखं डावं-उजवं करत राहावं लागतं. घाटात उतरताना ब्रेक दाबला की गाडी डावीकडे तोंड फिरवते. आणि वळण घ्यायच्या आधी पायाखालून एक "टक्क" असा आवाज येतो. त्याने आवाजाची जागाही दाखवली होती, क्लचच्या पायापुढे, थोडी खाली. त्या दिवशी मी ती नोंदवून घेतली नाही.

त्याच वर्षी फेब्रुवारीत हीच गाडी माझ्याकडे ढिल्या स्टेअरिंगसाठीच आली होती. मी चारही टाय रॉड एंड, म्हणजे टाय रॉडच्या टोकांचे जोड, बदलले, ड्रॅग लिंकचे सॉकेट बदलले, टो-इन (पुढच्या चाकांचा आतला कल) लावला आणि दुपारी गाडी सोडली. दोन महिने बरी चालली. माझ्याआधी दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका गॅरेजनेही एंड बदलले होते. एकाच गाडीचे एंड इतक्या लवकर पुन्हा जातात तेव्हा माल हलका निघाला असं म्हणून मोकळं होता येतं, आणि फेब्रुवारीत मी आबांना तेच सांगितलं होतं. या प्रकरणातला पहिला चुकलेला निर्णय तो, आणि तो माझा.

दुसरी एक निकड होती. खासगी गाडीची नोंदणी पहिल्यांदा १५ वर्षांसाठी असते आणि मग दर ५ वर्षांनी तिचं नूतनीकरण करावं लागतं. आबांच्या गाडीचं नूतनीकरण नोव्हेंबरात होतं. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम ९८ प्रमाणे स्टेअरिंग व्हीलवरचा मोकळा खेळ ३० अंशांच्या वर असता कामा नये. या गाडीचं व्हील ४३ सेंटिमीटर व्यासाचं. त्याच्या कडेवर मोजलं तर ३० अंश म्हणजे जेमतेम ११ सेंटिमीटर. मी कडेला चिकटपट्टी लावली, समोरची चाकं सरळ ठेवली आणि चाक हलायला लागेपर्यंत व्हील किती फिरतं ते टेपने मोजलं. २६ सेंटिमीटर भरले, म्हणजे ७० अंशांच्या आसपास.

आबांना गाडी संध्याकाळी परत हवी होती. दूध कसं जाणार, हा त्यांचा प्रश्न खरा होता. मी नाही म्हणालो. "आबा, ही गाडी मी घाट चढून जाऊ देणार नाही. आज एंड टाकून दिले तर चार दिवस बरं वाटंल, पण दोष काय आहे ते मला अजून ठाऊक नाही." ते काही बोलले नाहीत, बाकड्यावर बसून राहिले. थोड्या वेळाने पुतण्यानेच शेजारच्या वाडीतल्या पिकअपवाल्याला फोन लावला आणि महिनाभराच्या दुधाचं भाडं ठरवलं. हा खर्च आमच्या बिलात कुठे दिसत नाही, पण त्यांच्या घरातून तो गेला. निदानाला लागणाऱ्या प्रत्येक दिवसाची किंमत गिऱ्हाईक देत असतं.

## खेळ नेमका कुठे होता

सगळ्यात आधी गाडी धुतली. नुसता फवारा मारून नाही. चॅनलच्या आतून स्क्रू-ड्रायव्हर आणि तारेच्या ब्रशने जांभ्याची ढेकळं काढली, घमेलंभर निघाली. एरवी रिव्हेट ढिला झाला की त्याच्या डोक्याभोवती तांबूस भुकटी दिसते. दोन पत्रे एकमेकांवर घासतात, त्या घासण्याने गंजाची पूड बाहेर येते. जाणता मेस्त्री गाडीखाली शिरला की आधी तीच शोधतो. पण कासवरून येणाऱ्या गाडीला मुळातच सगळीकडे तांबडा थर असतो. गंज आणि चिखल दोन्ही एकाच रंगाचे. फेब्रुवारीत मी खाली झोपलो होतो, माझी नजर त्याच जागेवरून गेली होती आणि मला फक्त माती दिसली.

मग हाताखालच्या पोराला स्टेअरिंगवर बसवलं. चाकं जमिनीवरच, गाडी जॅकवर नाही. चाकं अधांतरी असली की सगळं हलकं फिरतं आणि दोष लपतो. त्याला सांगितलं, इंजिन बंद, व्हील डावी-उजवीकडे हळूहळू हलवत राहा, थांबू नकोस. मी खाली खडू घेऊन बॉक्सपासून पुढे एकेका जोडावर बोट ठेवत गेलो. जोडाच्या अलीकडचा भाग हलतो आणि पलीकडचा कधी हलायला लागतो, एवढंच पाहायचं.

बॉक्समध्ये कडेवरचे ४ सेंटिमीटर जात होते. जुन्या बॉक्सला हे चालण्यासारखं. फेब्रुवारीत बदललेले ड्रॅग लिंकचे सॉकेट आणि टाय रॉड एंड मिळून आणखी ५-६ सेंटिमीटर. आठ महिन्यांत एवढं जायला नको होतं. बेल क्रँकच्या खुंट्यावर आणखी ६. एकूण १६ च्या आत. उरलेले १० सेंटिमीटर कुठल्याच जोडात सापडेनात.

तेव्हा मी क्रॉस मेंबर आणि उजवा गर्डर जिथे भेटतात तिथे अंगठा ठेवला, अर्धा एका पत्र्यावर आणि अर्धा दुसऱ्यावर. पोरगा वर व्हील हलवत होता. अंगठ्याखाली पत्रा सरकला. फार नाही, दीड-दोन मिलिमीटर असेल, पण स्पष्ट. आणि "टक्क" आवाज तिथूनच आला, पुतण्याने दाखवलेल्या जागेतून. खात्रीसाठी सांध्यावर थोडं पातळ तेल सोडलं. व्हील उजवीकडे गेलं की तेल फटीत ओढलं जायचं, डावीकडे गेलं की बुडबुडे होऊन बाहेर यायचं. घट्ट सांध्यात तेल असं श्वास घेत नाही.

उजव्या बाजूला सहा रिव्हेट होते. आमच्याकडे बोलताना रिपीटच म्हणतात. दोघांची डोकी जागेवर दिसत होती, पण तारेचा ब्रश फिरवल्यावर कळलं की ती कुणीतरी कधीतरी गर्डरला वेल्डिंगच्या ठिपक्याने चिकटवलेली आहेत. आत दांडी तुटलेलीच. दोन ढिले. एका बाजूला बोट ठेवून दुसऱ्या बाजूने हातोडीने ठोकलं तर बोटाखाली डोकं थरथरायचं. घट्ट रिव्हेट खणखणीत वाजतो, हे दोघं बद्द वाजत होते. उरलेले दोन त्या कसोटीला उतरले, तरी एवढा सांधा हललेला असताना त्यांच्यावर किती भिस्त ठेवायची हा प्रश्न होताच. डाव्या बाजूला एकच ढिला. उजव्या कमानीच्या, म्हणजे स्प्रिंगच्या पाट्यांच्या, पुढच्या ब्रॅकेटचाही एक ढिला.

ब्रेक दाबल्यावर गाडी का वळते याचं उत्तरही इथेच मिळालं. ब्रेक लागला की पुढचा अ‍ॅक्सल मागे रेटतो, कमानीच्या ब्रॅकेटमधून तो रेटा गर्डरच्या पुढच्या टोकावर येतो, आणि सुटा झालेला क्रॉस मेंबर गर्डरच्या मानाने सरकतो. त्यावर बेल क्रँकचा खुंटा आहे. खुंटा सरकला की व्हील स्थिर धरलेलं असतानाही टाय रॉड दोन्ही चाकं फिरवतात. हाताने न वळवता गाडी वळते, तीही यवतेश्वरच्या उतारावर. हे समजल्यावर फेब्रुवारीतली ती दुपार मला बराच काळ सोडत नव्हती.

## समोर असलेले पर्याय

आबांना बोलावून अंगठ्याची जागा दाखवली. त्यांनी स्वतः खाली वाकून बोट ठेवलं आणि पोराला म्हणाले, "हलव बरं." मग उठून हात पुसत त्यांनी विचारलं, "आता काय काय करता येतं ते सांगा."

फक्त एंड आणि बेल क्रँकचा संच बदलणं हा स्वस्त मार्ग होता. खेळ तपासणीपुरता कदाचित ३० अंशांच्या आतही आला असता. तो आम्ही लगेच बाजूला ठेवला. मूळ दोष तसाच राहून त्यावर कागद मिळवणं हे मला मान्य नव्हतं, आणि आबांनाही.

दुसरा मार्ग म्हणजे क्रॉस मेंबर गर्डरला चारही बाजूंनी वेल्ड करून टाकायचा. रस्त्याकडेची बहुतेक दुकानं हेच करतात. अर्ध्या दिवसाचं काम. ही जुनी चासी साध्या पोलादाची आहे, ती वेल्ड घेते. आजकालच्या गाड्यांच्या जास्त ताकदीच्या पोलादाची गोष्ट वेगळी, तिथे कंपनीच्या सूचना पाहिल्याशिवाय वेल्डिंगची कांडी लावूच नये. पण पोलाद वेल्ड घेतं म्हणून सांधा वेल्ड करणं बरोबर ठरत नाही. जीपची शिडीसारखी चासी खड्ड्यात थोडी पिळवटते, आणि ती पिळवटावी म्हणूनच रिव्हेटांनी जोडलेली असते. सांधा कडक केला की तो पीळ वेल्डच्या कडेला जाऊन साठतो, आणि तिथे, उष्णतेने बदललेल्या पत्र्यात, चीर सुरू होते. तेव्हा तुटतो तो गर्डर, रिव्हेट नाही.

तिसरा मार्ग मुळासारखे गरम रिव्हेट मारण्याचा. मनातून मला हाच आवडला असता. लाल केलेला रिव्हेट भोकात फुगून भोक पूर्ण भरतो आणि गार होताना आक्रसून दोन्ही पत्रे आवळतो. पण त्याला भट्टी लागते, मागून डोली, म्हणजे जड लोखंडी ठोकळा, दाबून धरणारा माणूस लागतो, आणि पुढच्या क्रॉस मेंबरमागे डोलीला जागा करायची तर इंजिन उतरवावं लागतं. शिवाय हे काम अंगवळणी असलेला माणूस जवळपास नव्हता. अर्धवट फुगलेला रिव्हेट बाहेरून पक्का दिसतो आणि आतून पोकळ राहतो. ज्या गाडीत दिसण्यानेच आधी फसवलं होतं तिच्यात ती जोखीम मला घ्यायची नव्हती.

चौथा मार्ग बोल्टचा. मात्र साधा बोल्ट मोठ्या भोकात घालून आवळायचा नाही. भोक रीमरने, म्हणजे भोक घासून मापाचं करणाऱ्या हत्याराने, नेमकं करायचं आणि त्यात हातोडीच्या हलक्या ठोक्याने जाईल असा, लांब गुळगुळीत दांडीचा बोल्ट बसवायचा. दोन पत्रे जिथे भेटतात तिथे आटे येता कामा नयेत, तिथे दांडीच हवी.

चासीच बदलावी का, हेही आबांनी विचारलं. चासीवर नंबर ठोकलेला असतो. ती बदलायची तर आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद, शिवाय जुन्या बाजारातून येणारी चासी कुठल्या अपघातातून आली आहे हे कळणं अवघड. गर्डर बाकी ठिकाणी चांगला होता. आम्ही बोल्टवर आलो.

## काम

रेडिएटर आणि पुढची जाळी काढली, ड्रॅग लिंक सोडवली, बेल क्रँक उतरवली. खुंट्यावर नखाला लागतील अशा खोल रेघा पडल्या होत्या आणि नीडल बेअरिंगच्या सुया एका बाजूने चपट्या झाल्या होत्या. खुंटा, बेअरिंग आणि सील यांचा संच पुण्याहून मागवला.

रिव्हेट काढताना गॅस कटर वापरला नाही. त्याने काम पाच मिनिटांत होतं, पण भोकाची कड जळते आणि पुढे रीमर सरळ चालत नाही. डोकं ग्राइंडरने सपाट केलं, मधोमध पंच मारला, आधी ६ चं आणि मग ९ चं ड्रिल घालून दांडी पोकळ केली आणि ड्रिफ्टने ठोकून काढली. पाच रिव्हेट असे निघाले. सहाव्याची दांडी आत वाकलेली होती, तिने अर्धा तास घेतला.

मूळ रिव्हेट पाऊण सेंटिमीटरच्या वर, पूर्ण १ सेंटिमीटरच्या किंचित आत, असे होते. भोकं मात्र लांबट होऊन एका दिशेने साडेअकरा मिलिमीटरपर्यंत गेली होती. म्हणून १२ चा रीमर ठरवला. त्याआधी भोकाच्या मध्यापासून पत्र्याच्या कडेपर्यंतचं अंतर पाहिलं. निदान दीड व्यास, म्हणजे १८ मिलिमीटर, राहायला हवं. सगळीकडे २० च्या पुढे होतं. बोल्ट १२ मिलिमीटरचे, ८.८ ग्रेडचे, कोल्हापूरच्या उद्यमनगरातून आणले. डोक्यावरचा पहिला आकडा ताणताकदीचा, ८०० मेगापास्कल. दुसऱ्याचा अर्थ, त्याच्या ८० टक्क्यांपर्यंत बोल्ट कायमचा लांबत नाही. साध्या पोलादाच्या ३ मिलिमीटर पत्र्याला यापेक्षा कडक बोल्टची गरज नव्हती.

इथे माझा दुसरा निर्णय चुकला. घाई होती, म्हणून क्रॉस मेंबर हाताला जिथे बरोबर बसला असं वाटलं तिथेच धरून मी दोन भोकं रीम केली आणि बोल्ट आवळले. मग बेल क्रँक लावून दोन टाय रॉड जोडून पाहिले तर डावा आणि उजवा सारख्या लांबीवर येईनात. तेव्हा ओळंबा काढला. पुढच्या दोन आणि मागच्या दोन कमानींच्या ब्रॅकेटच्या बोल्टवरून ओळंबा सोडून जमिनीवर खडूच्या खुणा केल्या आणि कर्ण मोजले. दोन्हींत ९ मिलिमीटरचा फरक. उजवा गर्डर मागे राहिला होता आणि मी तो तसाच बोल्टने जखडून टाकला होता.

बोल्ट काढले. चेन ब्लॉक तिरका लावून हलकेच ओढलं. सांधा सुटा असल्याने फार जोर लागला नाही. फरक २ मिलिमीटरवर आल्यावर क्लॅम्प लावले. पण आधी केलेली दोन भोकं आता जुळत नव्हती. ती पुन्हा रीम करावी लागली, १४ पर्यंत. म्हणून त्या सांध्यात आज दोन बोल्ट १४ चे आणि चार १२ चे आहेत. चालतं, पण ते तसं व्हायला नको होतं.

## मधे सापडलेली चीर

चेन ब्लॉक लावण्याआधी मी पत्रा उघडा करून नीट पाहिला तेव्हा खालच्या एका भोकातून कडेकडे जाणारी केसासारखी रेघ दिसली. ओरखडा असेल असं वाटलं. चीर दाखवणारा लाल रंग फवारला, दहा मिनिटांनी पुसून पांढरी पावडर मारली. पांढऱ्यावर लाल रेघ हळूहळू उमटत गेली, साधारण २ सेंटिमीटर, कडेपर्यंत पोचायला बोटभर बाकी.

इथे थांबून विचार करावा लागला. एवढ्या कारणासाठी चासी टाकायची का? गर्डरच्या उभ्या भागात चीर गेली असती तर मी तेच सांगितलं असतं. ती फक्त खालच्या पट्टीत होती. चिरेच्या टोकाला ४ मिलिमीटरचं भोक पाडलं, म्हणजे ती पुढे सरकायला टोक उरत नाही. मग दोन्ही बाजूंनी खाच करून कोरड्या ठेवलेल्या ७०१८ नंबरच्या वेल्डिंगच्या कांडीने भरलं. त्याआधी बॅटरीची टोकं काढली. वेल्ड घासून सपाट केलं आणि पुन्हा लाल रंग मारून तपासलं. वरून ४ मिलिमीटरची पट्टी दिली. तिची टोकं तिरकी कापली, म्हणजे जोर एकाच आडव्या रेषेवर येत नाही. पट्टी वेल्ड केली नाही, त्याच बोल्टांखाली आवळली.

खंडेनवमीला गाडी अजून उघडीच होती. आबा झेंडूचा हार घेऊन आले. रेडिएटर बाहेर, जाळी बाहेर, हार घालायला पुढे काही नव्हतं. त्यांनी तो उघड्या क्रॉस मेंबरवर ठेवला आणि हात जोडले. हत्यारांची पूजा झाल्यावर मी तो उचलून भिंतीवरच्या खिळ्याला लावला आणि दुसऱ्या दिवशी जोडणीला लागलो.

पत्रे जिथे भेटतात तिथे झिंकचा प्रायमर, बोल्टला नायलॉक (आपोआप ढिले न होणारे) नट, आवळणी टॉर्क पान्याने. १२ च्या बोल्टांना ८० न्यूटन-मीटर, १४ च्यांना त्यापेक्षा जास्त, तक्त्याप्रमाणे. कमानीच्या ब्रॅकेटचा ढिला रिव्हेटही काढून तिथे बोल्ट दिला. प्रत्येक नटावरून पत्र्यापर्यंत पिवळ्या रंगाची एक सरळ रेघ ओढली. चॅनलची पाणी जायची भोकं चिखलाने बुजली होती, ती मोकळी केली. टो-इन २ मिलिमीटरवर लावला.

## निकाल

व्हीलच्या कडेवर खेळ साडेसहा सेंटिमीटर, म्हणजे १७ अंश. त्यातला निम्म्याहून जास्त अजून बॉक्सचा.

पहिली फेरी रिकाम्या गाडीने, दुसरी वाळूच्या पोत्यांनी ३५० किलो वजन टाकून. यवतेश्वरच्या उतारावर पुतण्याने दोन्ही हात व्हीलवर हलके ठेवून ब्रेक दाबला. गाडी सरळ थांबली. त्याने माझ्याकडे पाहिलं, मागे गाडी नाही याची खात्री केली, आणि थोडं पुढे जाऊन पुन्हा एकदा दाबून पाहिला.

१०० किलोमीटरनंतर सगळे नट पान्याने तपासले, जागचे हलले नव्हते. ५०० किलोमीटरला मात्र एका नटाची पिवळी रेघ अर्धा सूत सरकलेली दिसली. ती पुतण्याने आधी पाहिली होती, मोबाइलच्या उजेडात, आणि फोटो पाठवला होता. उघडून पाहिलं तर तिथे प्रायमर जाड बसला होता. तो दबत गेला आणि आवळ कमी झाली. घासून पातळ थर दिला, नवा नट लावला. त्यानंतर रेघा जागेवर आहेत.

नोव्हेंबरात नूतनीकरण झालं. सामान आणि मजुरी मिळून बिल १९ हजारांच्या आत राहिलं. फेब्रुवारीतल्या कामाची मजुरी मी त्यातून वजा केली.

## पुन्हा हेच काम आलं तर

फेब्रुवारीतच गाडी धुवून, व्हीलवर माणूस बसवून, बॉक्सपासून चाकापर्यंत एकेक जोड मोजत गेलो असतो तर अर्ध्या तासात हे सापडलं असतं. तो अर्धा तास मी दिला नाही, कारण एंड हाताला ढिले लागले आणि ढिलं सापडलं की शोध थांबतो. आता खेळाची बेरीज केल्याशिवाय मी एकही एंड सोडत नाही. कडेवर २६ सेंटिमीटर असतील तर सगळ्या जोडांचे मिळून २६ भरले पाहिजेत. नाही भरले तर उरलेले कुठेतरी आहेतच.

आवाजाची जागा चालवणाऱ्याने दाखवली की ती कागदावर लिहून ठेवायची आणि तिथूनच पाहायला सुरुवात करायची. पुतण्याचं बोट आमच्या कुणाहीपेक्षा आधी बरोबर जागी होतं.

कर्ण मोजण्याचं काम रीमरच्या आधीचं. एकदा नेमकं भोक केलं की चुकीची जागाही नेमकीच पक्की होते. ओळंबा भिंतीवरच टांगलेला होता.

रिव्हेटाच्या डोक्यावर वेल्डिंगचा ठिपका दिसला तर त्याला दुरुस्ती समजू नये. आत दांडी तुटलेली आहे, असं धरून तो काढून पाहावा. ज्याने तो मारला त्याने पुढच्या प्रत्येक मेस्त्रीची नजर बांधून ठेवली.

एका निर्णयाबद्दल माझं मन अजून एका बाजूला झालेलं नाही. डाव्या बाजूच्या सहांपैकी मी फक्त ढिला निघालेला एक बदलला. पाच मूळचे रिव्हेट तसेच ठेवले, कारण ते खणखणीत वाजत होते आणि चांगला रिव्हेट काढून बोल्ट घालणं पटत नव्हतं. पण उजवा सांधा आता कडक आहे, आणि पूर्वी तो हलून जो जोर गिळायचा त्यातला काही डावीकडे जात असणार. २०२४ च्या पावसाळ्यानंतर गाडी आली तेव्हा व्हीलवरचा खेळ ८ सेंटिमीटर होता. डाव्या बाजूला अंगठा ठेवून पाहिला, सरकलं काही नाही. तेल सोडलं, बुडबुडा आला नाही. तरी दुसऱ्या क्रमांकाच्या रिव्हेटाचा आवाज मला आधीपेक्षा किंचित बसका वाटला. आबांना तसं सांगितलं. पुढच्या मे महिन्यात, पाऊस लागायच्या आत, डावी बाजू उघडायची असं ठरलं आहे. दुधाच्या पिकअपवाल्याला पुतण्याने आत्ताच सांगून ठेवलंय.